बाराच सामने पुरे: नाशिकमधून 2027 चा महिला फुटबॉल वर्ल्ड कप कसा पाहावा

20 ऑगस्ट 2023. श्रावणातला रविवार, दुपारचे साडेतीन. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सतरा माणसं, एक उसना प्रोजेक्टर आणि भिंतीवर ताणून बसवलेली पांढरी चादर. सिडनीत स्पेन आणि इंग्लंडची फायनल सुरू झाली होती. अर्धा तास गोल होईना म्हणून मी चहाचं पातेलं उतरवायला उठले. कप भरते तोवर हॉलमधून आरोळी आली. 29 व्या मिनिटाला ओल्गा कार्मोनाने डाव्या पायाने चेंडू खालच्या कोपऱ्यात सारला होता. सामना 1-0 असाच संपला, म्हणजे अख्ख्या फायनलमधला एकुलता एक गोल मी गाळणीतून पाहिला.

त्या दिवशी आलेल्या सतरापैकी निम्म्यांनी त्याआधी महिलांचा एकही फुटबॉल सामना पाहिला नव्हता. आता त्याच बायका आणि त्यांच्या शेजारणी विचारतात, पुढचा वर्ल्ड कप नीट पाहायचाय, सुरुवात कुठून करू? हा लेख त्यांच्यासाठी आहे. फुटबॉल कोळून प्यायलेल्यांना यातलं निम्मं माहीत असेल. त्यांनी थेट घड्याळाच्या भागावर जावं, तिथे त्यांचीही गफलत होते.

पहिलं काम: कॅलेंडरवर दोन गोल काढा

स्पर्धा 24 जून 2027 ला, गुरुवारी सुरू होते आणि 25 जुलैला, रविवारी संपते. यजमान ब्राझील. महिलांचा वर्ल्ड कप दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच होतोय. मे 2024 मध्ये बँकॉकला मतदान झालं, त्यात बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या एकत्र प्रस्तावाला 78 मतं पडली आणि ब्राझीलला 119. सामने आठ शहरांत होतील: रिओ, साओ पाउलो, बेलो होरिझोन्ते, ब्रासिलिया, फोर्तालेझा, पोर्तो अलेग्रे, रेसिफे आणि साल्वादोर. आठही मैदानांवर 2014 चा पुरुषांचा वर्ल्ड कप खेळला गेलाय.

आता हाच महिना नाशिककरांच्या डोळ्यांनी बघा. आषाढी 14 जुलैला. ज्यांच्या घरी वारी आहे त्यांचा जून-जुलै असाही अर्धा पंढरपूरच्या वाटेवर जातो. फायनलनंतर आठच दिवसांनी, 2 ऑगस्टला, सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान. म्हणजे फायनलच्या सुमारास पाहुणे, रस्ते, पार्किंग या सगळ्याचं काय होणार ते पंचवटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गोदाकाठच्या मावशीकडे जमून फायनल पाहू, असला बेत आताच बदला. जमायचं तर नदीपासून लांब: इंदिरानगर, सिडको, महात्मानगर, नाशिकरोड, जिथे तुमची माणसं असतील तिथे.

घड्याळ

ब्राझीलच्या वेळेत साडेआठ तास मिळवले की आपली वेळ येते. आठही शहरं एकाच घड्याळावर चालतात, ही मोठी सोय. तिथे दुपारचा 1 म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ. तिथे 4, इथे रात्रीचे साडेबारा. तिथे संध्याकाळचे 7, इथे पहाटेचे साडेतीन. तिथे रात्रीचे 9, इथे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच.

गफलत होते ती तारखेत. वेळापत्रकात तिथल्या तारखा छापलेल्या असतात. तिथली 30 जूनची संध्याकाळ ही आपली 1 जुलैची पहाट. माझ्या भावाने एकदा भल्या पहाटे गजर लावून टीव्ही सुरू केला, तर सामना दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा निघाला. म्हणून वेळापत्रक आलं की आधी पेन घ्या आणि स्वतःच्या कॅलेंडरवर आपली तारीख, आपली वेळ लिहून काढा. मोबाइलवरचे बरेच ॲप वेळ आपोआप बदलून देतात, पण घरातल्या आजी-आजोबांना भिंतीवरचं कॅलेंडरच लागतं, आणि चहा तेच करणार असतात.

माझा अनुभव विचाराल तर साडेनऊचा सामना सगळ्यात सोपा, जेवण उरकलं की बसायचं. साडेपाचचाही उत्तम. रात्री दहाला झोपायचं, पहाटे उठायचं, सामना साडेसातच्या आसपास संपतो तेव्हा मिसळवाल्यांचे गाळे उघडलेले असतात. साडेतीनचा फक्त आपल्या संघासाठी पाहावा. आणि साडेबाराचा घातकी. वाटतं, जागू की जरा वेळ. पहिला हाफ जागेपणी जातो, दुसरा सोफ्यावर घोरत जातो आणि सकाळी ऑफिसात डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

64 मधले 12 निवडा

नवखे इथेच घसरतात. पहिल्या आठवड्यात झपाटल्यासारखे रोज दोन-दोन सामने बघतात, दुसऱ्या आठवड्यात झोपेचं खोबरं होतं आणि खरी मजा येते त्या बाद फेरीला टीव्ही बंद. एकूण सामने 64 आहेत. 32 संघ, चार-चारांचे आठ गट. गटात प्रत्येक संघ तीन सामने खेळतो, जिंकला तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात. मग सोळा संघांची बाद फेरी, उपांत्यपूर्व, उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि फायनल.

बाराची वाटणी मी अशी करते: सलामीचा 1. आपल्या संघाचे गटातले 3. शनिवार-रविवारी सोयीच्या वेळी पडणारे इतर कोणतेही 2. सोळांच्या फेरीतले 2. उपांत्यपूर्वचा 1, उपांत्य दोन्ही, आणि फायनल. झाले बारा. बाकीच्यांचे गोल सकाळी दात घासताना मोबाइलवर पाच मिनिटांत बघून होतात, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

संघ कोणता धरायचा?

पहिला प्रश्न येणारच: भारत आहे का? भारताच्या वरिष्ठ महिला संघाने आजवर एकही वर्ल्ड कप खेळलेला नाही. पण म्हणून आपलं काहीच नाही असं नाही. 1979 आणि 1983 मध्ये भारत आशियाई स्पर्धेत उपविजेता होता. नंतर मोठा खड्डा पडला. जुलै 2025 मध्ये चिआंग माईला थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवून भारताने 2026 च्या आशियाई कपमध्ये जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ती आपली पहिलीच वेळ. आशियातले वर्ल्ड कपचे थेट सहा संघ त्याच स्पर्धेतून निघतात. इतर खंडांचा वाटा असा: युरोप 11, आफ्रिका 4, उत्तर-मध्य अमेरिका 4, दक्षिण अमेरिका ब्राझील धरून 3, ओशनिया 1, आणि उरलेल्या 3 जागा प्ले-ऑफमधून, म्हणजे शेवटच्या जादा पात्रता सामन्यांतून. आधी पात्र ठरलेल्या संघांची यादी बघा, मगच कोणावर जीव लावा.

जीव लावायला ब्राझील सोपा, आणि त्यांच्या पिवळ्या जर्सीमागे एक गोष्ट आहे. 1941 मध्ये त्या देशाने फर्मान काढून बायकांना फुटबॉल खेळायला बंदी घातली, स्त्रीच्या प्रकृतीला मानवत नाही म्हणून. बंदी उठली 1979 मध्ये. ज्या देशाचं नाव घेतलं की फुटबॉल आठवतो, तिथल्या मुली जवळजवळ चार दशकं कायद्याने मैदानाबाहेर होत्या. इंग्लंडचीही तीच कथा. 1920 च्या नाताळात लिव्हरपूलला महिलांच्या एका सामन्याला 53,000 लोक आले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संघटनेने आपल्या मैदानांचे दरवाजे बायकांना बंद केले, ते थेट 1970 च्या सुमारास उघडले. “बायकांच्या फुटबॉलला कोण येतंय बघायला” असं म्हणणाऱ्या काकांना हे जरूर ऐकवा. सिडनीच्या फायनलला 75,784 लोक होते, तेही सांगा.

तर ब्राझील. मार्ताचे वर्ल्ड कपमध्ये 17 गोल आहेत, महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये कोणाचेच इतके नाहीत. पाच वेगवेगळ्या वर्ल्ड कपमध्ये तिने गोल केलेत. पण वर्ल्ड कपची ट्रॉफी कधी हाती आली नाही. 2007 ची फायनल जर्मनीकडून 0-2 हरले, 2024 च्या ऑलिम्पिकची अमेरिकेकडून 0-1. ऑगस्ट 2025 मध्ये कोपा अमेरिकाच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेच्या, फायनलला कोलंबियाविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल मारला तो मार्तानेच. सामना 4-4 झाला आणि पेनल्टीवर ब्राझील जिंकलं. घरच्या मैदानावर पहिला वर्ल्ड कप, यापेक्षा मोठी उत्कंठा दुसरी नाही.

बाकी दादा लोक: अमेरिका चार वेळा विजेती (1991, 1999, 2015, 2019), जर्मनी दोनदा (2003, 2007), नॉर्वे 1995, जपान 2011, आणि गतविजेता स्पेन. 2025 ची युरो, म्हणजे युरोपच्या स्पर्धेची, फायनल मात्र इंग्लंडने स्पेनला पेनल्टीवर हरवून नेली. जपानचा खेळ बघायला मला फार आवडतो. चेंडू जमिनीलगत, पास लहान, एकही हालचाल फुकटची नाही.

आणि एक घरचा दुवा. 30 ऑक्टोबर 2022 ला, दिवाळी होऊन आठवडा झालेला, आम्ही भाचीला घेऊन नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल पाहायला गेलो. चकल्यांचा डबा गाडीतच ठेवला होता, परत येताना कसारा घाटात रात्री दीडला फस्त केला. स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं, तेही शेवटी-शेवटी झालेल्या स्वयंगोलवर. पण भाची गाडीत बडबडत होती ती हरलेल्या संघातल्या लिंडा काइसेदोबद्दल. चेंडू पायाला चिकटवल्यासारखा घेऊन ती दोघी-तिघींच्या मधून निघायची. पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध तिने केलेला गोल भाचीने आम्हाला किती वेळा दाखवला त्याला गणती नाही. स्पेनची विकी लोपेझही त्या दिवशी तिथेच होती, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून. संघ सुचत नसेल तर अशी एक खेळाडू धरा. संघ आपोआप मागून येतो.

नियम, लागतील तेवढेच

45 मिनिटांचे दोन हाफ, मध्ये 15 मिनिटं विश्रांती. वाया गेलेला वेळ शेवटी जोडून मिळतो, तो पाच मिनिटांचा असेल नाहीतर दहाचा, म्हणून 90 झाल्या झाल्या चपला घालू नका. बाद फेरीत बरोबरी राहिली तर 30 मिनिटं जादा, तरीही सुटलं नाही तर पेनल्टी शूटआउट. 1991 च्या पहिल्या वर्ल्ड कपला महिलांचे सामने 80 मिनिटांचे ठेवले होते, बायकांना 90 झेपणार नाहीत म्हणून. आता मैदान, गोलपोस्ट, चेंडू, वेळ, सगळं पुरुषांइतकंच. गोलपोस्ट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच.

ऑफसाइड समजायला लोक घाबरतात. सीबीएसवर एसटी लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस आठवा. ऑफसाइड म्हणजे तेच. माझ्या संघातली मुलगी मला पास देते त्या क्षणी मी समोरच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे जाऊन उभी असेन, तर मी रुमाल टाकलाय. शेवटची बहुधा गोलकीपर असते, म्हणून व्यवहारात बघायचं ते शेवटच्या बचावपटूकडे. तिच्या बरोबरीत असेन तर चालतं. आणि हिशोब पास निघतो त्या क्षणाचा, चेंडू माझ्यापर्यंत पोचतो तेव्हाचा नाही. पास निघाल्यावर मी कितीही सुसाट पळाले तरी ती माझी हुशारी. सगळा घोळ याच एका वाक्यात असतो.

व्हीएआर म्हणजे क्रिकेटच्या थर्ड अंपायरचा भाऊ. गोल, पेनल्टी, लाल कार्ड असल्या मोठ्या निर्णयांत तो लक्ष घालतो. गोल झाला म्हणून नाचून घ्या, पण मिठाई लगेच वाटू नका. दोन पिवळी कार्डं म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे संघ दहा जणींवर. 2025 पासून आणखी एक नियम आलाय: गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक. पंच शेवटचे पाच सेकंद हाताच्या बोटांनी मोजून दाखवतात. मुलं घरात मोठ्याने मोजतात, मजा येते.

आणखी एक गोष्ट, नियमात नसलेली. पहिले दोन सामने पुरुषांच्या फुटबॉलशी तुलना न करता बघा. महिला टेनिस बघताना तुम्ही पुरुषांची सर्व्हिस आठवता का?

कुठे बघायचं, आणि पाऊस

भारतातलं प्रक्षेपण कोणत्या चॅनेलवर किंवा ॲपवर आहे ते अधिकृत घोषणेवरूनच ठरवा, तोवर कोणतंही वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊन ठेवू नका. अमेरिकेतले हक्क नेटफ्लिक्सने घेतलेत अशी बातमी तुम्हाला कोणीतरी पाठवेल. ती खरी आहे, पण तिकडची. आपल्याकडचं नेटफ्लिक्स त्यावर विसंबून चालू ठेवू नका.

जुलैतलं नाशिक म्हणजे गंगापूर धरणातून पाणी सुटल्याची बातमी आणि “दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?” हा प्रश्न. त्याच दिवसांत लाइट जाते. आमच्या 2023 च्या फायनलला दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटं अंधार झाला होता. तेव्हापासूनचा माझा नेम: राउटर इन्व्हर्टरवर घ्या, एक फोन पूर्ण चार्ज करून फक्त हॉटस्पॉटसाठी बाजूला ठेवा, आणि प्रोजेक्टर असेल तर एचडीएमआयची केबल आदल्या संध्याकाळी लावून बघा. ऐन वेळी केबल दोन हात आखूड पडते, हा माझा तीन हॉलमधला अनुभव आहे.

ॲपवरचं चित्र टीव्हीपेक्षा बरंच मागे असतं. शेजारच्या बिल्डिंगमधून ओरडा आला आणि तुमच्या पडद्यावर अजून थ्रो-इन चाललाय, असं होतं. मोबाइलच्या गोल-सूचना तेवढ्यापुरत्या बंद ठेवा.

गच्चीवर बघायची हौस असेल तर लक्षात ठेवा, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि आपले बरेचसे सामने नेमके त्याच वेळेत आहेत. शिवाय जुलै. हॉलच बरा, खिडक्या लावून. तिकीट लावलं किंवा कोणाचा बॅनर टांगला की तो धंदा होतो आणि प्रक्षेपण हक्क असलेल्यांची परवानगी लागते. वर्गणीतून पोहे-चहा, एवढ्यावर ठेवा.

ब्राझीललाच जायचं असेल तर

थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, ब्राझीलचं वाणिज्य दूतावास कार्यालय मुंबईत आहे. तिकिटं फक्त फिफाच्या अधिकृत साइटवरून घ्या. मुंबईहून साओ पाउलोला दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे जाता येतं. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. पोर्तो अलेग्रेला स्वेटर लागेल, रेसिफेला छत्री. शहरांमधली अंतरं आपल्याला झेपत नाहीत इतकी आहेत, त्यामुळे एक-दोन शहरंच धरा.

एक गोष्ट मात्र विसरू नका: यलो फीव्हरची लस. ती निघायच्या किमान 10 दिवस आधी अधिकृत केंद्रावर घ्यायची आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टला जोडून ठेवायचं. ब्राझीलहून परतताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस आयुष्यभर चालते.

आणि मुलगी म्हणाली, मलाही खेळायचंय

हे होणार. 2023 नंतर आमच्या सोसायटीत चौघींनी म्हटलं, दोघी अजून खेळतात. सुरुवातीला महागडं काही घेऊ नका. 8 ते 12 वर्षांच्या मुलीला 4 नंबरचा चेंडू, 13 पासून पुढे 5 नंबरचा. नडगीला लावायचे शिन गार्ड पहिल्या दिवसापासून हवेतच. स्टडचे बूट महिनाभर मन टिकलेलं बघून घ्या, आणि वाढत्या पायाला एक नंबर मोठे घ्यायचा मोह टाळा. बूट सैल असले की चेंडूवर ताबा राहत नाही आणि फोड येतात.

शाळेच्या पीटीच्या सरांना किंवा मॅडमना आधी विचारा, शालेय स्पर्धांत 17 वर्षांखालील मुलींचा सुब्रतो कप असतो आणि त्यासाठी संघ शाळेचाच लागतो. संघ नसेल तर अकरा नावं तुम्हीच गोळा करून द्या, बहुतेक ठिकाणी अडतं ते तिथेच. शाळेत जमलंच नाही तर पंचवटीच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. खासगी टर्फवरच्या कोचिंगला पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं बाहेर उभं राहून बघा: वर्गात मुली किती, आणि सरावात चेंडू मुलींच्या पायाशी येतो की त्या कोपऱ्यात उभ्या असतात? जन्मदाखला हाताशी ठेवा, वयोगटाच्या प्रत्येक स्पर्धेला तो लागतो.

आमच्याकडे 25 जुलै 2027 साठी हॉल बुक झाला आहे. प्रोजेक्टर यंदा उसना नाही, वर्गणीतून घेतलाय. चहाचं काम मी भावाकडे दिलंय.